अर्धी सायकल लोह्यात, अर्धी चाकुरात

फोन आला तेव्हा मी दुकानासमोर बसून नांगराच्या फाळाला धार लावत होतो. फोन मन्मथचा, म्हणजे चाकूरच्या काशिनाथ अप्पाच्या थोरल्या पोराचा. तो म्हणाला, "काका, अप्पा गेले. सकाळीच, लातूरच्या दवाखान्यात." मी विचारलं, "सायकलीचा मागचा भाग कुठाय?" तो म्हणाला, "काका, मी काय सांगायलो, तुम्ही काय इचारायलात..." आणि फोन ठेवून दिला. ही गोष्ट आता लोह्यापासून चाकूरपर्यंत सगळ्यांना माहीत झाली आहे. जिवाभावाचा दोस्त गेला आणि म्हाताऱ्यानं पहिल्यांदा लोखंडाची चौकशी केली, असं लोक बोलतात. हाव, केली. ज्या माणसानं वर्षभर माझ्याशी अबोला धरला आणि दवाखान्यात भरती झाल्यावर 'लोह्याला कळवू नका' असा घरात हुकूम सोडला, तो गेल्याच्या बातमीवर मी काय विचारावं हे मला कुणी शिकवू नये.

आता मी हे कामून लिहायला बसलो ते सांगतो. मातीला गेलो तर चाकूरच्या चौकात अप्पाचा फोटो लावलेला मोठा बॅनर होता. खाली लिहिलं होतं, शांत, संयमी, मनमिळाऊ. मी तिथंच उभा राहून ते परत परत वाचलं. काशिनाथ अप्पा आणि शांत. लहानपणापासून त्या माणसानं एक दिवस शांततेत घालवला असेल तर मी माझ्या दुकानाला कुलूप लावतो. मी शाळा चौथीतून सोडली, पण हा मजकूर माझा मी लिहिला आहे, नातीनं फक्त वेलांट्या बघितल्या. ती म्हणाली, "आबा, जरा नरम लिहा, गेलेल्या माणसाबद्दल हाय." मी म्हणालो, तो नरम होता का? मग मी कामून नरम लिहू?

आमची ओळखच भांडणातून झाली. मी नांदेडहून पत्रे-सळया बघून लोह्याला परत येत होतो. बसमध्ये एक धोतरवाला, डोक्याला रुमाल, कपाळभर विभूती, कंडक्टरशी भांडत होता. त्याच्या सीटखाली एक सायकल होती. पण कशी, तर मधोमध मोडून दुमडलेली, एक चाक दुसऱ्या चाकाला चिकटलेलं, हँडल खाली पाडलेलं. तसली वस्तू मी आयुष्यात बघितली नव्हती. कंडक्टर म्हणत होता सायकलीचं वेगळं तिकीट लागतं. हा म्हणत होता, "सायकल कुठाय? हे गठुडं हाय. गठुड्याचं तिकीट असतं का?" कंडक्टरनं वैतागून आजूबाजूला बघितलं. मला खोटं चालत नाही. मी म्हणालो, "दोन चाकं दिसायलीत, पायडल दिसायलेत, सायकलच हाय ती. तिकीट काढा." त्यानं मान वळवून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "तुला कुणी पंच नेमलं रे?" तिकीट काढलं, पण लोहा येईपर्यंत मला बडबड करत राहिला. स्टँडवर उतरला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं ती सायकल उघडली. दांडा सरळ केला, बिजागरीवरचा पंखाचा नट पिळला, हँडल उभं केलं, गठुडं मागं बांधलं. खरं गठुडं ते होतं, करदोडे, कुंकू, विभूतीच्या वड्या, रुद्राक्षाच्या माळा. आठवडी बाजार आणि खेडीपाडी फिरून विकायचा. लांबचा रस्ता बसनं, आतला रस्ता सायकलीनं. टांग मारायच्या आधी मी म्हणालो, "बिजागरी ढिली हाय तुझी." तो म्हणाला, "माझी हाय ना? असू दे ढिली." आणि गेला.

पुढच्या बाजारी तोच माणूस सायकल खांद्यावर टाकून माझ्या दुकानात आला. बिजागरीजवळ दांड्याला चीर गेली होती. लोह्यात वेल्डिंगचं दुकान तेव्हा माझं एकट्याचं. मला बघून त्याचं तोंड पडलं, माझं खुललं. मी चीर जोडून दिली. जाताना तो माझ्या दुकानातल्या देवाच्या फोटोला एक करदोडा बांधून गेला, आणि वर सांगून गेला की फोटो वाकडा लावला आहे. तेव्हापासून दर बाजारी चहा माझ्याकडं. मी मराठ्याचा, कुणबीक सोडून लोखंडात आलेला, तो लिंगायत, दुकान नसलेला दुकानदार. तो माझ्या घरी यायचा तेव्हा आमच्या घरची वेगळ्या तव्यावर भाकरी करायची, कारण त्याला मटणाच्या भांड्याचा वाससुद्धा चालायचा नाही. आणि तरी हा माणूस भाकरीला नाव ठेवायचा. खूश असला की मला 'किशन्या' म्हणायचा, रागात असला की 'किशनराव'. माझ्या आयुष्यात मला जास्तीत जास्त वेळा किशनराव त्यानंच म्हटलं.

ती सायकल त्याच्या मामानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेली. कुणी म्हणायचं पलटणीतली आहे, कुणी म्हणायचं साहेबाच्या बायकोची. अप्पा समोरचा माणूस बघून गोष्ट बदलायचा. चाकं पोरांच्या सायकलीएवढी, दांडा एकच, मध्ये खोलगट वाकलेला, आणि त्या वाकणात बिजागरी. तिच्यावर बसलेला उंच अप्पा म्हणजे शेळीवर बसलेला माणूस दिसायचा. माळेगावच्या जत्रेत पोरं मागं धावायची. तो मुद्दाम थांबायचा, सायकल दुमडून काखेत मारायचा आणि दहा पावलं चालून परत उघडायचा. एवढा शौक. मालापेक्षा सायकलीभोवती गर्दी जास्त, आणि गर्दीतल्या बायका मग करदोडे घ्यायच्या. हे त्याला पक्कं कळत होतं. भोळा वगैरे अजिबात नव्हता तो.

आता एक गोष्ट, जी बॅनरवर लिहायला पाहिजे होती. आमच्या घरचीचं पोटाचं ऑपरेशन झालं, नांदेडच्या सरकारी दवाखान्यात. मी खाटेजवळ, घरी लहान लेकरं, डबा करणारं कुणी नाही. मी कुणाला निरोप दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात अप्पा आणि वॉचमन यांचा आवाज. वॉचमन म्हणत होता सायकल बाहेर लावा. अप्पानं त्याच्या डोळ्यांसमोर सायकल दुमडली, वर स्वतःचं उपरणं टाकलं आणि विचारलं, "आता कुठं दिसायली सायकल? गठुडं हाय, पेशंटचे कपडे हायेत." आत आला, ती खाटेखाली सरकवली आणि डबा उघडला. चाकूरहून बसनं नांदेड, स्टँडवरून सायकलीनं दवाखाना. ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी, वरण. घरची सुटून येईपर्यंत रोज. ती त्या हँडलला स्वतःचा टॉवेल वाळत घालायची. एकदा म्हणाली, "अप्पा, चटणी जरा आळणी झाली." अप्पा म्हणाला, "वहिनी, खाटंवरल्या माणसानं गप गिळावं." ती हसली, टाके दुखले म्हणून मग रडली, आणि मी त्याला बाहेर जा म्हणून ओरडलो. शेवटच्या दिवशी मी त्याचा हात धरून काही बोलायला गेलो तर हात काढून घेतला. "तुझ्यासाठी आलो न्हाई किशनराव. वहिनीसाठी आलो." असा माणूस. तुम्ही त्याला मनमिळाऊ म्हणा.

मग काळ गेला. त्याचे गुडघे गेले, करदोडे मॉलमध्ये मिळायला लागले, सायकल माळ्यावर गेली. मधली वर्षं आम्ही फोनवर भांडलो. दीडेक वर्षापूर्वी एकदा तो बसमधून उतरला तर सोबत ती सायकल, पोत्यात बांधलेली. चाकं जाम, सीटचं कातडं उंदरांनी खाल्लेलं, बिजागरी नुसती लोंबत होती. टेबलावर टाकून म्हणाला, "व्हती तशी कर." मी विचारलं, "गुडघे तुझे असे, बसणार कोण?" तो म्हणाला, "तू लोखंडापुरतं बोल." मला आनंद झाला होता. हे मी लिहून ठेवतो, कारण ते मी त्याला बोललो नाही. मी गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारली. रॉकेलात भिजवून जाम निघाला, स्पोका बदलल्या, सीटला चांभाराकडून नवं कातडं घातलं, टायर मिळेना तर नांदेडची दुकानं पालथी घातली. अप्पा आठवड्याला येऊन स्टुलावर बसायचा आणि चुका काढायचा. रंग हिरवाच पाहिजे म्हणाला. मी खरवडून दाखवलं की हिरव्याच्या खाली काळा आहे, मूळ रंग काळा. तो म्हणाला, "माझ्या आधीचं मला काय करायचंय? मी बसलो तवा हिरवी व्हती." मी हिरवा मारला. तिथं मी ऐकलं. मी ऐकत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

अडलं बिजागरीवर. इतक्या वर्षांच्या उघडझापीनं तिची भोकं झिजून लांबट झाली होती. जुन्या मापाची पिन घातली की खुळखुळा. माझं म्हणणं सरळ होतं. भोकं गोल आणि मोठी करायची आणि जाड पिन बसवायची. अप्पाचं म्हणणं, भोकं वेल्डिंगनं भरून परत जुन्याच मापाची पाडायची. मी सांगितलं, ते लोखंड म्हातारं आहे, तिथं परत आग लावली तर बाजूला चीर जाईल, एकदा गेलीच होती. त्याला पटलं नाही. "मामानं आणली तवा जेवढी पिन व्हती तेवढीच पाहिजे. तू सुधारणा करू नको, दुरुस्ती कर." मी ठरवलं, करून दाखवू, मग बोलणार नाही. नांदेडच्या खरादवाल्याकडून लेथवर जाड पिन करून आणली, अशी झाली होती की बघत बसावं. सायकलीचे दोन भाग सुटे केले, पुढच्या भागाचं भोक ड्रिलनं मोठं केलं. मागचा भाग शिकंज्यात आवळून धरला, ड्रिल लावणार, तेवढ्यात दारात अप्पा.

त्यानं पुढचा भाग उचलला, भोकात बोट घातलं. मग शिकंजा सैल करून मागचा भाग काढला, चाकासकट, साखळीसकट, काखेत मारला. मी म्हणालो, "अप्पा, अर्ध्यावर काम न्हेऊ नको, दोन मिनिटांचं राहिलंय." तो म्हणाला, "किशनराव, ह्या आर्ध्याला तुमचा हात लागणार न्हाई. पयलं ते भोक बुजवा, मग येतो." मी म्हणालो, "आणि मी सांगतो, हे आर्धं तू स्वतः घेऊन येशील, तवाच तुला चहा." तो गेला. नंतर कंडक्टरनं मला सांगितलं, बसमध्ये त्यानं विचारलं तेव्हा अप्पा म्हणाला, "आर्ध्या सायकलीचं तिकीट तुमच्या कुठल्या कायद्यात हाय ते दाखवा."

तेव्हापासून पुढचा भाग माझ्या दुकानात खुंटीला, मागचा चाकुरात. मधे निरोप चालायचे. चाकूरहून येणारा कुणी सांगायचा, "अप्पा म्हणतेत भोक बुजवलं का?" मी सांगायचो, "म्हणावं, मागचं घेऊन ये." पोळा गेला, दिवाळी गेली. घरची म्हणायची, "जाऊन या की हो चाकूरला, दीड तासाचा रस्ता हाय. दोघं मिळून दीडशेला टेकलात, जराक तरी लाज." मी म्हणायचो, माझं चुकलेलं नाही. आजही सांगतो, चुकलेलं नव्हतं. कुठल्याही लोहाराला विचारा. भोक मोठं करणं हेच बरोबर होतं.

मातीला गेलो. त्यांच्यात जाळत नाहीत, मांडी घालून बसवतात आणि माती देतात. खड्ड्यात अप्पाला बसवलं होतं, कपाळाला विभूती, गळ्यात बेलाच्या पानांची माळ, गुडघे दुमडलेले, तेच दुखरे गुडघे, खांदे आत ओढलेले. एवढा उंच माणूस केवढ्याशा जागेत बसला होता... मला बसच्या सीटखालची ती सायकल दिसली. वाटलं, आता गाव आलं की हा उतरेल, सरळ होईल, पंखाचा नट पिळेल आणि कुणाशी तरी भांडत पुढं निघेल. लोक म्हणाले, काका, मूठभर माती टाका. मी टाकली. टाकताना मनात जे बोललो ते छापण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, मी त्याला म्हणालो की अर्ध्यावर काम सोडून जायची तुझी खोड गेली नाही.

शिवगणाराधनेच्या, म्हणजे त्यांच्यातल्या दिवसांच्या जेवणाला परत गेलो. एका पुढाऱ्यानं भाषण केलं. म्हणाला, अप्पांची ती सुप्रसिद्ध सायकल आता कैलासाच्या दारात उभी असेल. मी पंगतीतून उठून म्हणालो, "कैलासात न्हाई, आर्धी लोह्यात माझ्या खुंटीला हाय. दुसरी आर्धी कुठाय ते कुणी तरी सांगा." लोकांनी मला खाली बसवलं. मन्मथ मला आत घेऊन गेला, चिडला होता, पण पोरगा अदबीचा आहे. म्हणाला, "काका, सापडलाय मागचा भाग. मी म्हणतो, दोन्ही भाग लातूरला न्हेऊ, सोनेरी रंग मारू आणि हॉलमध्ये भिंतीवर लावू, वर अप्पांचा फोटो." माझं डोकं सरकलं. मी काही बोलायच्या आत कोपऱ्यातून अक्का बोलली, अप्पाची बायको. ती एरवी चार शब्दांच्या वर बोलत नाही, नवऱ्यानं कधी वेळच दिला नाही. ती म्हणाली, "भितीवर कोण बसणार हाय सायकलीवर? पाल?" आणि खाटेखालून अप्पाच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला तो भाग ओढून माझ्यासमोर ठेवला. "घेऊन जावा हो हे. माझे कान किटले ह्याच्यापायी."

मी धोतर सोडलं. आणि बिजागरी बघून माझे हात थांबले. भोक मोठं केलेलं होतं. हातानं, गोल कानस घेऊन. मशीन नाही, माप नाही, नुसतं कानशीनं खात खात नेलेलं. एका अंगाला जास्त, एका अंगाला कमी, म्हशीच्या डोळ्यासारखं लांबोडकं आणि वरून तिरकं. असलं भिकार काम माझ्या दुकानात शिकाऊ पोरानं केलं असतं तर मी त्याला हाकललं असतं. मी विचारलं, "अक्का, हे कुणी केलं?" ती म्हणाली, "आणि कोण? दिवाळीपासून रोज दुपारी कर्रकर्र. मी म्हणलं, लोह्याला घेऊन जावा, ते मशीनवर करतेत. तर म्हणले, तयार झाल्यावरच न्हेणार. दवाखान्यात न्हेलं तरी मन्मथला सांगितलं, लोह्याला कळवू नका, मी बरा झालो की स्वतःच जातो, हे घेऊन."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणला का?" अक्का पदरानं डोळे पुसत होती, पण तिचं तोंड हसल्यासारखं झालं. "म्हणले, किशन्याचं खरं हाय. पर त्याला सांगू नका, डोक्यावर बसंल."

लोकांना वाटतं मी तेव्हा रडलो. रडलो नाही. राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही. अरे, हरलास तर समोर येऊन हरायचं. मला माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून म्हणायचं, किशन्या, तुझं खरं. एवढ्या वर्षांत एक वेळ. मी काय डोक्यावर बसलो असतो? हाव, बसलो असतो. एक आठवडा बसलो असतो आणि मग चहा सांगितला असता. ते सोडून हा माणूस धोतरात गुंडाळून हार लपवतो, दुपारी दुपारी डोळे फोडून कानस मारतो, आणि बायकोजवळ कबूल करून निघून जातो. ज्याच्याशी भांडण होतं त्याला सोडून बाकी सगळ्यांना माहीत.

मागचा भाग मी घेऊन आलो. मन्मथनं अडवलं नाही. खुंटीवरचा पुढचा भाग काढला, दोन्ही जुळवले, ती जाड पिन घातली. पुढच्या भोकात पिन अशी बसली जशी बसायला पाहिजे. मागच्या भोकात ढिली. पंखाचा नट कितीही पिळला तरी पायडलाच्या प्रत्येक फेरीला बिजागरीतून आवाज येतो, टक्... टक्... मी दुकानापासून स्टँडपर्यंत चालवून बघितली. या वयात पडलो तर काय, म्हणून घरची दारात उभी राहून ओरडत होती. रस्ताभर टक् टक्. पलीकडचा चहावाला म्हणाला, "काका, कुणी तरी मागं बसून बोलायलंय वाटतं."

परवा अक्काला दाखवायला म्हणून चाकूरला घेऊन गेलो. स्टँडवर दुमडली, बसमध्ये सीटखाली सरकवली. नवा कंडक्टर, कोवळा. वाकून बघून म्हणाला, "बाबा, सायकलीचं तिकीट लागंल." मी म्हणालो, "सायकल कुठाय? गठुडं हाय." तो म्हणाला, "चाकं दिसायलीत की." मी म्हणालो, "तुझ्या गठुड्याला नसतील, माझ्या गठुड्याला हायेत." अहमदपूर येईपर्यंत भांडलो. मागच्या सीटवरचा एक शहाणा म्हणाला, काका, सायकलच आहे ती. मी त्याला विचारलं, तुला कुणी पंच नेमलं?

ते मागचं भोक नीट करणं एका दुपारचं काम आहे. आतून एक बुश, म्हणजे लोखंडी नळीचा तुकडा, ठोकला की आवाज बंद. दुकानात येणारे जाणारे सगळे सांगतात, ठोकून टाका. मन्मथही फोनवर म्हणाला. मी करणार नाही. माझ्या बाजूचं काम बरोबर आहे. वाकडं भोक ज्यानं पाडलं त्यानं यावं आणि नीट करून घ्यावं. स्टूल रिकामं आहे.